मुकं मशीन

लूम बिघडला की मला आधी कानाला कळतं.
पिकर सैल झाला की एक आवाज,
धोटा ठेचाळला की दुसरा.
बावीस वर्षं जॉबर होतो,
चहा पिता पिता सांगायचो,
सात नंबर बघ रे, रडायलाय.

हे मात्र मुकं.
लेकीच्या मांडीवर काळा लॅपटॉप,
कन्ना चौकातून साडेसहा हजाराला, तिसऱ्या हाताचा.
विंडोज त्याला झेपेना, म्हणून दुकानदारानं लिनक्स टाकून दिलं
आणि वायफाय लागतंय का ते बघितलंच नाही.
मी तरी कुठं बघितलं.
चालवून न बघता माल उचलला. मी. जॉबरनं.

रात्रीचा दीड.
पाण्याचा पाचवा दिवस, गल्ली सगळी जागी,
नळाखाली घागर, घागरीशेजारी आम्ही.
प्रवलिका एक ओळ टाईप करायली
आणि खाली पन्नास ओळी भसाभसा उतरायल्या.
त्यातली एकच तिनं बोटानं धरली,
ताण्यातला तुटलेला धागा धरतात तशी.

"कार्ड आहे नान्ना. फर्मवेअर नाही."
म्हणजे?
"म्हणजे माणूस कामावर आलाय,
पण काय करायचं ते त्याला कुणी सांगितलं नाही."
हे मला लगेच कळलं.
दिवाळीपासून जरा जास्तच कळतं.

फर्मवेअर नेटवर.
नेट पाहिजे तर फर्मवेअर.
मला हसू आलं, ती चिडली.
मग हिच्या उशाखालचा फोन हळूच काढला,
विडीच्या तंबाखूचा वास येतो त्याला,
वायर लावली.
"एमैंदि?" झोपेतनंच विचारलं तिनं.
"एमि लेदु," आम्ही दोघं एकदम.

फोनातला दिवसाचा डेटा संपत संपत
फर्मवेअर आलं.
बंद केलं, चालू केलं.
काही नाही.
नरसय्या मास्तरांचं वायफाय, महिना पन्नास रुपये ठरलेले,
भिंतीपलीकडं आहे, इथं नाही.
उद्या पाचपर्यंत फॉर्म भरायचा.
प्रवलिका रडली नाही. नख मात्र खाल्लं.

परत एक ओळ. परत उत्तर.
सॉफ्ट ब्लॉक्ड: नो.
हार्ड ब्लॉक्ड: येस.
तिनं तीनदा तेच विचारलं, त्यानं तीनदा तेच सांगितलं.

मी म्हणालो, हार्ड म्हणजे?
"म्हणजे... आतून नाही. हातानं बंद केलेलं."
हातानं ना? मग दे इकडं.

डोळे मिटले.
कडेनं बोट फिरवलं, फणीच्या दातांवरनं फिरवतो तसं,
इथं भोक, इथं स्क्रू, इथं चार्जरची खाच,
आणि पुढच्या कडेला, अगदी खाली,
तांदळाएवढं काहीतरी, हलेना.
टॉर्च मारली.
खटका. आणि खटक्यात कापूस गच्च बसलेला,
टॉवेलाचाच, बारीक, पिवळट पडलेला.
कुणाच्या कारखान्यात होतं हे आधी?
हिची सुई घेतली, कापूस ओढून काढला,
खटका सरकवला.

टिक्.

बारीकच. पण आवाज.

यादी उतरायला लागली.
NARSAYYA_MASTER.
बिट्ला किराणा.
DONT_ASK_PASSWORD.
कुणीतरी तेलुगूत शिवी लिहून ठेवलेली, प्रवलिका हसली.
आणि सगळ्यात खाली, दोन काड्या,
VALLAL TEX OFFICE.

शटर दिवाळीला पडलं.
लूम भंगारात गेले, किलोवर, मी स्वतः मोजून दिले.
ह्याची लाईट कोण भरतंय?

"हे ओपन नाही ना नान्ना?"
नाही.
"पासवर्ड असेल कुणाकडं?"

बसवला त्या दिवशी शिडी मी धरली होती.
मालकानं मलाच विचारलं होतं, काय ठेवू रे,
लक्षात राहील असं.

नळानं आधी वारा सोडला, मग खोकला.
घागर सरळ कर, म्हणालो मी,
मास्तरांचं लाव.