काठापदराची पानं

वडगावात आमच्या गल्लीत
दारोदार जास्वंद आहे, तगर आहे,
कुणाकडं शेवंतीचा वाफा.
माझ्या दारात फूल नाही.
पूजेला फुलं मागत फिरणारी पोरं
माझं फाटक सोडून पुढं जातात.

बत्तीस वर्षं सूत रंगवलं मी.
नखांच्या मुळाशी जांभळं अजून आहे थोडं,
कुठल्याच साबणाला न ऐकणारं.
माग बंद पडले, हौद वाळले,
परसात रंगाचे रिकामे डबे तेवढे उरले.
तळाला खिळ्यानं भोकं पाडली,
तांबडी माती भरली, थोडं शेणखत,
आणि म्हटलं, आता तुम्हीच रंगवा बघू.

क्रोटननं लगेच मनावर घेतलं.
मग कॅलेडियम, अळूची लांबची बहीण,
पांढऱ्यावर गुलाबी शिंतोडे.
असे शिंतोडे सुतावर उडाले असते
तर शेठनं मजुरी कापली असती;
नर्सरीवाला त्याचेच चाळीस रुपये जास्त सांगतो.

पण सगळ्यांत आधी आला तो नीलव्वाचा.
कोलियस म्हणतात हे फार नंतर कळलं.
त्याला मराठीत काय म्हणायचं मला ठाऊक नाही,
कन्नडात काय ते तिला ठाऊक नाही.
आमच्याकडं रोपाला देणाऱ्याचं नाव पडतं:
हा नीलव्वाचा,
तो नेचा टपालवाल्या मुजावरांचा,
आणि मनी प्लांट बँकेच्या जिन्यातला, चोरलेला.
चोरलेला जोरात वाढतो म्हणतात.
वाढलाय.

नीलव्वा हुक्केरीकडची, भिंतीपलीकडं राहायची.
ती कन्नडात बोलायची, मी मराठीत,
भिंतीला दोन्ही यायचं.
चार पेरांची काडी ओल्या फडक्यात गुंडाळून
वरून दिली तिनं.
उपकार झाले म्हणालो, तर रागावली:
काडीचे आभार मानले की काडी जगत नाही.

पहिलं पान उघडलं तेव्हा मी चहा विसरलो.
मध्ये डाळिंबी,
कडेनं बारीक पोपटी काठ,
दातेरी, टोकापर्यंत, एक धागा न चुकता.
शहापुरी लुगड्याला असा काठ बसवायचा
तर आमचा शिदराम आठ दिवस घ्यायचा
आणि त्यात दोनदा भांडायचा.
काठ आहे म्हणून कापड उसवत नाही,
असं आम्हाला मागावर शिकवलं.
पानाला कुणी शिकवलं?

आश्विनात शेंड्याला तुरा आला, फिकट निळा.
मी गल्लीभर सांगून आलो,
माझ्याकडंही फूल आलं की!
नीलव्वानं भिंतीवरून हात लांबवला
आणि कट्‌कन खुडला.
"हू चिवुटु," म्हणाली,
फुलाच्या नादी लागलं की पान रंग सोडतं.

तेव्हापासून खुडतोय.
नळाला पाणी येतं त्या दिवशी, आठवड्यातून एकदा.
बोटांना हिरवट वास राहतो,
जांभळ्याच्या शेजारी.

थंडीत कॅलेडियम झोपतं.
पान पिवळं पडतं, मग नुसता डबा.
सून, रेवती, मेलं म्हणून ओतायला निघाली होती.
मातीत हात घालून कांदा दाखवला तिला,
सुपारीपेक्षा मोठा, गार, पण घट्ट.
आता डबा हलवत नाही ती,
येता-जाता विचारते फक्त, उठलं का?

नीलव्वा धारवाडला गेली, लेकाच्या चौथ्या मजल्यावर.
फोन करते.
तब्येत नाही, माझा गुडघा नाही, पहिलं हेच:
"एली ह्यांग अदाव?"
मी खिडकीतून बघतो आणि सांगतो,
रंग पक्का आहे.
तिच्या बाल्कनीत ऊन येत नाही म्हणे,
तिकडचा कोलियस नुसता हिरवा झालाय,
धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्यासारखा.

रविवारी सकाळच्या लाल बसनं जातोय.
पिशवीत अर्धा शेर कुंदा,
ओलं फडकं, फडक्यात चार पेरं.
ह्या वेळी एक तुरा मात्र
तसाच ठेवलाय काडीवर.
खुडेल ती.