गट नंबर दोनशे चौदा

जुन्या फाइलीत तिचं नाव: जलद वाढणारी, उपयुक्त.
मधल्या एका पत्रात: इतर झाडोरा.
नव्या जीआरमध्ये: आक्रमक, परकीय, मुळासकट.
गावात ती पहिल्यापासून वेडी बाभूळ.

शिंदखेड्याच्या पलीकडे, बुराईच्या काठी
बत्तीस हेक्टरची मी राखणदार.
वर्दी नवी, बूटही नवा,
तरी काटा तळव्यापर्यंत पोचलाच,
आत मोडला, आठ दिवस पिकला.
साहेब म्हणाले, मार्चच्या आत रान मोकळं पाहिजे.
आधीचा फोटो, नंतरचा फोटो,
दोन्हींवर अक्षांश-रेखांश.

जेसीबी आला, वरवर ओरबाडून गेला.
पंधरा दिवसांत बुंध्याबुंध्याला
पोपटी झिपऱ्या.

मग माणसं लावली. टिकाव, पहार, कुऱ्हाड.
खोडाभोवती वीतभर उकरायचं,
मानेच्याही खाली उतरायचं
आणि तिथं तोडायचं.
प्रशिक्षणात हे सांगितलं होतं, चित्रही होतं;
जागा मात्र दाखवली भुरीबाईनं, पहारीच्या टोकानं:
"आठे मार, बाई. वर मारशी ते दहा फुटतीन."

दुपारी तिनं फडकं सोडलं.
कळण्याची भाकरी, ठेचा, अर्धी मला.
दुष्काळाच्या साली, म्हणाली,
हे रान तिच्या बापानं लावलं. उखा सोनवणे.
सरकारी जीपमधून पोत्यानं बी यायचं,
शेळ्यांच्या लेंड्यांतून वेचून धुतलेलं.
खड्ड्यामागे काही पैसे, वर ओंजळभर सुकडी.
"सायेब बोलना, हाई झाड मरत नई.
मना बाप खूश व्हयना."

मी भाकरी चावत राहिले.

संध्याकाळी रेंज ऑफिसात जुनं कपाट उघडलं.
वाळवीनं एक जिल्हा खाल्ला होता, दुसरा चालू होता.
तरी एक मस्टर निघालं, निळ्या अंगठ्यांचं.
एक अंगठा मधोमध चिरलेला,
समोर नाव उ पासून पुढे भोक.
खड्डे: एकशे चाळीस.
आजच्या मस्टरवर भुरीबाई सही करते,
भु एवढा मोठा की बाईला जागा उरत नाही.
रकाना मात्र छापील, तोच: खड्डे.

खोटं कशाला बोलू, रान उघडं झालं तेव्हा
मलाही बरं वाटलं.
रस्त्यावरून नदी दिसली, होती तेवढी.
वनपाल सांगतात, इथं पवन्या गवत होतं कमरेएवढं,
काळवीट उभं राहिलं तर फक्त शिंगं दिसायची.
पवन्याचं बी मागवलंय. मंजुरी यायची आहे.
आणि हेही खरं की पन्नास वर्षं
या गावाची एकही चूल
दुसऱ्या कशावर पेटलेली नाही.
ढलप्यांचे भारे बायका अंधारात नेत होत्या,
त्यांचा पंचनामा करायचा असतो.
मी मोबाइलला रेंज शोधत टेकडीवर गेले,
जरा उशिरानं खाली आले.

एकतीस मार्च. नंतरचा फोटो.
ऊन पाठीशी घेतलं, रेखांश जुळवला,
तेवढ्यात भुरीबाईची काबरी शेळी मधोमध.
शेवटच्या झाडाच्या पिवळ्या शेंगा
अजून तिच्या जबड्यात कुरकुरत होत्या.
"हाकल तिला."
शेळी हलली, सावकाश,
मागे ठेवायचं ते ठेवून.

फोटो गेला. तालुक्याहून लगेच उत्तर आलं:
एक अंगठा. पिवळा, गुळगुळीत, विनारेषांचा.

मी वळले तर भुरीबाई उकिडवी बसलेली,
भुईवरून लेंड्या वेचत, एकेक, ओच्यात.
"काय गं हे?"
तिनं मान वर केली नाही.
"आते ह्या बी मोजाना का?"