उंबरा

नदीचं मूळ विचारू नये म्हणतात.
अण्णा मूळ विचारायचेच नाहीत.
ते विचारायचे, ही संपते कुठं?

पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं त्यांनी पट्टी धरली,
चौदा फुटी, सागवानी, लाल-काळ्या आकड्यांची.
सीनेच्या पात्रात, गुडघाभर पाण्यात उभे,
आणि पलीकडच्या काठावरून डंपी लेव्हलला डोळा लावून
साहेब ओरडायचे, डावीकडं घे, सरळ, हां, हलू नको.
त्या भिंगात म्हणे सगळं उलटं दिसायचं.
"सरकारदरबारी मी एकतीस वर्षं डोक्यावर उभा होतो," अण्णा सांगायचे,
"म्हणून मला नदी खालून वर वाचता येती."

म्हसोबाचा ओढा सीनेला मिळतो तिथं
काळ्या कातळाची आडवी पाळ होती.
बायका तिच्यावर चादरी आपटायच्या.
अण्णा तिला उंबरा म्हणायचे.
आधारतल हा शब्द मला फार नंतर भेटला,
सोलापुरात, नववीच्या वर्गाला शिकवताना.

पाणी उंबऱ्याखाली उतरू शकत नाही,
म्हणून वरची सगळी वाट ते त्याच्या मापानं बेततं.
उंबरा चढला की ओढा आळसावतो,
गाळ टाकतो, हरभऱ्याच्या रानाला वळसे घालत बसतो.
"उजनीच्या फुगवट्यात भीमा बघ.
भिंत कुठं, आणि बाई केवढ्या लांबूनच
डोक्यावरचं ओझं उतरवून बसलीय!"
आणि उंबरा खचला तर?
तेव्हा मी हे विचारलं नव्हतं.

वाळूच्या टिपरला पात्रात उतरायला वाट हवी होती.
रात्री तीन बार झाले.
सकाळी बायका ओल्या चादरींचे पिळे घेऊन उभ्या, कातळ नाही.
मग बोटी आल्या, पात्र दोन पुरुष खोल गेलं.
गावात ओढा होता तसाच होता,
कुणाचं काही अडलं नाही.
अण्णा म्हणाले, "निरोप निघालाय. चालत येणार, वेळ लागंल."

त्या दिवाळीत संगमापासून चाळीस पावलांवर
ओढ्याच्या तळात हातभर उंचीची पायरी दिसली.
पाणी तिच्यावरून पडत होतं,
पडता पडता तिचाच पाय खात होतं,
आणि पायरी मागं सरकत होती, गावाकडं.
पाणी उतरतं, पायरी चढते.
फळ्यावर तीन आकृत्या काढूनही हे वर्गाला पटेना.
मागच्या बाकावरचा जुबेर, ज्याची आई युनिफॉर्मच्या कारखान्यात काज करते,
म्हणाला, "म्हणजे मॅडम, ओढा खालच्या टाक्यापासून उसवतोय."
मी खडू ठेवला.

दुसऱ्या वर्षी पायरी मसणवट्याशी.
चौथ्या वर्षी फरशी पुलाच्या नळ्या अधांतरी,
खाली कुत्र्यानं पिलं घातलेली.
वळणं जिथल्या तिथं, जुनीच,
फक्त आता त्यांना भिंती आहेत,
आणि भिंतींतून बाभळीची मुळं बाहेर,
वाळत टाकलेल्या सुताच्या लडींसारखी.

अण्णांचे डोळे काचबिंदूनं नेले.
संध्याकाळी माझी चप्पल वाजली की विचारतात,
"कुठवर आला गं उंबरा?"
"बाभळीपाशीच आहे," मी म्हणते.
बाभूळ गेल्या भाद्रपदात पडली.
ते मान हलवतात.

मग मी विहिरीवर जाते, पोहरा सोडते,
आणि मागं ओट्यावर
कप्पीच्या प्रत्येक करकरीला त्यांचे ओठ हलतात,
पट्टी धरल्यासारखी पाठ ताठ,
नऊ, दहा, अकरा.
अकराला पूर्वी पाणी वाजायचं.
बारा.
तेरा.