जागा नाही

मित्रमंडळ चौकातला दुसरा मजला, लिफ्ट नाही.
अर्धांगवायू झालेल्यांना खुर्चीसकट वर आणतात
जावई, रिक्षावाले, एकदा तर पिझ्झा द्यायला आलेला मुलगा.
मी वर आरसा पुसून बसलेली असते.

नऊ वाजता वेदांग.
मी केळं दाखवते. तो म्हणतो, केलं.
जीभ मागे वळव, टाळूला लाव, हं, केळं.
केलं.
आठ महिने आम्ही एकाच फळाची साल काढतोय.
त्याची आई मागे बसून मोबाइलवर टिपते, घरच्या सरावासाठी.
त्या व्हिडिओंत माझा आवाज आहे:
शाब्बास, शाब्बास,
दर चार सेकंदांनी, नळ ठिबकावा तसा.

मग पावणेदहा, साडेदहा, सव्वाअकरा.
फोनवर स्वतःचंच नाव अडणारा इंजिनिअर.
स्वरतंतूंवर गाठी आलेल्या शाळेतल्या बाई.
कानात यंत्र बसवलेली ओवी,
जी त्या दिवशी पहिल्यांदा हाकेला वळली,
आणि तिचे आजोबा रडले,
आणि मी घड्याळाकडे पाहिलं.

तेव्हाच कळायला हवं होतं.

कळलं ते फायलीमुळे.
‘प्रगती समाधानकारक’, सही, तारीख,
आणि पुढच्याला हाक मारायला उठले तेव्हा लक्षात आलं,
हा मुलगा आज आलाच नव्हता.
ताप होता. सकाळी मेसेज होता.
मीच त्याला अंगठा पाठवला होता.

घरी रेणू म्हणाली, आई, पाणी.
मी म्हटलं, पूर्ण वाक्यात सांग.
नऊ वर्षांची आहे ती. तिने माझ्याकडे पाहिलं,
मी पहिल्या तपासणीला पाहते तसं.
दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडी शब्दांचे घास,
रात्री माझ्या ताटात ‘हं’ आणि ‘बघू’.

गुरुवारी फडतरेकाका.
तीस वर्षं कंडक्टर, कात्रज ते शिवाजीनगर.
झटका आला आणि सगळी भाषा मधल्या थांब्यावर उतरून गेली,
दोनच शब्द गाडीत राहिले.
चहा घेणार? जागा नाही.
बायकोचं नाव? जागा नाही, लाजून.
कुत्र्याचं चित्र: जागा नाही जागा नाही, गुदगुल्या झाल्यासारखं.
शब्द तेच, सूर वेगळे. मी सगळे नोंदवून ठेवले होते.

तेवढ्यात फोन. धायरीहून कुणी बाप.
चार वर्षांचा आहे, बोलत नाही, मॅडम, कुठेतरी बसवा.
मी वही उघडली. समासातही नावं.
एक ते दोन, ‘जेवण’ खोडून ‘कदम’.
पेन टेकवणार,
तर काकांचा डावा हात आला
आणि पानावर पालथा पडला.
जागा नाही, ते म्हणाले.

हा सूर माझ्या यादीत नव्हता.
गच्च भरलेल्या बसच्या दारातून
खालच्या माणसाच्या डोळ्यांत बघत,
मागून दुसरी येतेय हे माहीत असणारा.

मी फोनमध्ये म्हटलं, दादा, जागा नाही.
धनकवडीच्या सुमेधाचा नंबर देते. ती चांगली आहे.
बाप गप्प. मग: बरं, द्या.
ते ‘बरं’ अजून रात्री ऐकू येतं.

संध्याकाळी सुमेधाला मुलाबद्दल सांगितलं.
ती म्हणाली, आणि तू?
उत्तराला किती वेळ लागला ते तिने मोजलं नाही.
मी मोजलं. अकरा सेकंद.
रुग्णाला आम्ही दहा देतो.

आता दाराला पाटी आहे: एक ते तीन बंद.
या पाटीवरून अख्ख्या पुण्याची थट्टा होते. होऊ दे.
तिच्यामागे मी डबा खाते, भाजी गरम असताना.
बरी झाले असं नाही.
वेदांग अजून केलं म्हणतो,
ओवीच्या आजोबांची माफी कशी मागायची ते मला येत नाही.

वेळ संपली की काका टेबलावर दोनदा बोट आपटतात:
डबल बेल, निघा.
काल एकदाच आपटलं.
मी पुढची फाईल घेऊन अर्धी उठले होते.
बसले.