टोपी, कोपर

सातवा डाव. तीन-तीन.
दुसऱ्या बेसवर टिआहो, बाद अजून कुणीच नाही,
आणि वाइनुइओमाताच्या टेकड्यांवरून सुटलेला वारा
थेट फलंदाजाच्या तोंडावर.
अशा वाऱ्यात उंच मारलेला चेंडू
आयता त्यांच्या हातात येऊन पडतो,
गरम पावासारखा.

आता लोसा.
रात्रभर बेकरीत कणीक मळून आलेली,
मनगटावरच्या लवेत अजून पीठ.
गेल्या अकरा खेपांत एक फटका नाही.
आज तिचा बाप आलाय, मोसमात पहिल्यांदाच.
चर्चचा शर्ट घालून
जाळीमागे खुर्ची उघडून बसलाय.

मी तिसऱ्या बेसपाशी. खुणा माझ्याकडे:
टोपी, कोपर, मग पट्ट्याला हात म्हणजे बंट.
टोपी, कोपर, पुढे काहीच नाही म्हणजे
मार.

हिशेब तसा सोपा.
एक बाद द्यायचा, एक बेस घ्यायचा.
टिआहो तिसऱ्यावर आली
की पुढचीचा साधा झेलसुद्धा धाव आणेल.
हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये.
पण हातचं म्हणजे नेमकं कुठलं?
तीन बाद मिळतात फक्त,
त्यातला एक मोडायचा, सुट्ट्या पैशांसाठी?
बस चालवते मी, सुट्ट्यांची किंमत मला कळते.

आणि मी दिलाय एकदा. अठ्ठ्याऐंशी साली,
क्लबच्या अंतिम सामन्यात.
चेंडू माझ्या बॅटखाली असा मेला
की धुळीत दोन पावलं चालून बसला.
पुढचीने फटका मारला.
भिंतीवर फोटो तिचा आहे.

पट्ट्याकडे निघालेला हात
मी खिशात घातला.
मार, पोरी.

लोसाने मान हलवली.
पण माझा हात खिशात गेलेला
त्यांनीही बघितला होता:
त्यांची तिसऱ्या बेसवाली दोन पावलं मागे सरकली,
टाचा टेकल्या तिने.
मला दिसलं नाही. लोसाला दिसलं.

चेंडू सुटेपर्यंत खांदे फटक्याचेच ठेवले,
झाकली मूठ.
मग एक हात बॅटवर वर सरकला,
फुगलेल्या कणकेला बोट लावून बघावं
इतक्या बेताने.

टक्.

पहिल्या बेसवर पाऊलभराने बाद.
टिआहो माझ्या शेजारी, धापा टाकत, गुडघे लाल.
सगळा बाक उभा राहून टाळ्या वाजवतोय
आणि जाळीमागून बापाचा आवाज, इथवर ऐकू येणारा:
बाद झाली ना? मग टाळ्या कसल्या?

लोसा पळतच परत जाते,
माझ्याकडे बघत नाही.
रागवायचं माझं राहूनच जातं.

टोपी. कोपर.
पुढची पोरगी माझ्या हाताकडे बघतेय.