प्रश्न चौथा, गुण पाच

कराडच्या कॉलेजात खोली नंबर सात.
पंख्याला एकच वेग. बाहेर उसाचे ट्रॅक्टर
टेप लावून कारखान्याकडे चाललेले.
गठ्ठा सोडला की आतली शंभर मुलं
एकाच तोंडानं बोलायला लागतात:
‘इंग्रज अंतर ठेवून राज्य करत,
फ्रेंच आपल्यात सामावून घेत.’
गाइड, पान एकशे चाळीस.
बरोबर आहे. पाचपैकी तीन. पुढचा.

मग एक उत्तरपत्रिका,
अक्षर डावीकडे कललेलं, शाई पाण्यानं फुटलेली.
पेपरात स्वतःचं नाव लिहायचं नसतं,
म्हणून खापरपणज्याचं लिहिलंय:
गेनू रणपिसे, तालुका खटाव,
पहिल्या लढाईत खेचरं हाकायला गेलेला.

‘साहेब पगार एक तारखेला द्यायचा, मोजून.
नाव दोनदा विचारायचा
आणि दोन्ही वेळा चुकीचं लिहायचा.
गेनूला गोळी लागली तेव्हा त्याला इंग्लंडात नेला.
दवाखान्याला काटेरी तार. आत आपली माणसं,
बाहेर गोऱ्या बायका, एकमेकांना दिसतील एवढ्याच.
गेनूला त्याचा राग आला नाही.
वरून पाणी ओतणारा हात त्याला गावातच माहीत व्हता.
फक्त हितं ओंजळ सगळ्यांना धरावी लागली,
पाटलाच्या पोरालाही.
त्याचं त्याला लई हसू आलं, असं घरात सांगतात.’

‘व्हता’ला मी लाल गोल केला.
‘हितं’ला केला. ‘लई’ला केला.
हात आपोआप जातो.

‘बरा होऊन परत फ्रान्सात आला.
एका पाव भाजणाऱ्या म्हातारीनं त्याला भट्टीजवळ बसवला.
पाव देताना बोटाला बोट लागलं.
तिनं हात धुतला नाही.
त्या रात्री तो झोपला नाही, खेचरापाशी बसून राहिला.
मग त्याला मामादू भेटला, सेनेगलचा, फ्रेंचांच्या पलटणीतला.
दोघांत मिळून चाळीस शब्द, बाकी हातवारे.
गेनू म्हणाला, तुमचे गोरे बरे, पंगतीला घेतात.
मामादूनं छाती पुढं काढून शाळेतला धडा म्हणून दाखवला:
आमचे वाडवडील निळ्या डोळ्यांचे होते.
आणि मग स्वतःच्या डोळ्यांकडे बोट केलं.
दोघं पोट धरून हसले.
हसणं थांबल्यावर मामादू म्हणाला,
तुला दाराबाहेर बसवतात.
मला आत ये म्हणतात,
पण बापाला चपलांसारखं बाहेर काढून ये.
आणि पुढं गोळ्या सुटल्या की
आत घेतलेल्यांनाच पहिलं बाहेर काढतात.
म्हणून दोघांत फरक असा की’

इथं संपलं.
घंटा झाली असेल. पुरवणी मिळाली नसेल.
किंवा वाक्यच पुढं जाईना झालं असेल.

जंगमसर पलीकडून विचारतात,
मॅडम, एका पेपरावर किती वेळ?
मुद्दे मोजायचे आणि सोडायचं.
मी मोजते. मुद्दे नाहीत. पाँडिचेरीचं नाव नाही.
सनावळी नाही. निष्कर्ष नाही.

माझ्या माहेरी, वडूजला,
परसातल्या कोनाड्यात एक कप असायचा,
कान तुटलेला, बाकीच्यांत कधी न मिसळलेला.
तो कुणाचा, हे मला कुणी सांगितलं नाही.
सांगावं लागलं नाही.

मी तशी नाही. मी वर्गात आडनावं घेत नाही.
आपण सगळे सारखे, म्हणते,
कुणालाही पुढच्या बाकावर बसवते,
आणि कुणी ‘हितं’ म्हणालं
की सगळ्यांसमोर, हसत, प्रेमानं,
‘इथं’ म्हणून घेते.
तीनदा.

पंखा फिरतोय. चहा आला, सगळ्यांना
सारखेच कागदी कप.
मी खोडरबर शोधते,
लाल शाई खोडरबरानं जात नाही हे माहीत असून.
गुणांच्या चौकटीत पेन टेकवलेलं,
तिथं एक ठिपका मोठा होत चाललेला.
जंगमसर पुन्हा विचारतात,
किती दिले?