जागल

हरभऱ्याला घाटे धरले की आमच्याकडं जागल लागते.
रोही येतात, डुकरं येतात.
धुऱ्यावर जुन्या लुगड्यांचं कुंपण,
पिवळं, जांभळं, एक द्वारकाताईचं,
आणि मचाणावर एक माणूस, रात्रभर डबा वाजवत.

मी आता जात नाही.
मला धूळ चालत नाही, शेण चालत नाही,
मला माझेच जागले चालत नाहीत.
सकाळी आठला, रात्री आठला
गोळी देऊन निजवतो त्यांना.

कारण उजव्या कुशीत, खाली,
ताई राहायला आली आहे.
माझ्या दोन्ही वाळून गेल्या, लिंबाच्या फोडी वाळतात तशा.
कोणी म्हणे हापशीच्या खाऱ्या पाण्यानं,
कोणी म्हणे कंबरदुखीच्या गोळ्यांनी.
रक्तातल्या राखणदारांना नातं कळत नाही,
अंगावरची खूण तेवढी कळते,
आणि तिची माझ्याशी अर्धीच जुळली.
"अर्धी तं अर्धी," ताई म्हणाली,
"भाकर कधी अख्खी भेटली होती आपल्याले?"

आठव्या महिन्यात क्रिएटिनीन चढलं.
अकोल्याहून नागपूर, डबीत लघवी, नळीत रक्त.
ढोमणे मॅडमनी काचेखाली पाहिलं:
पेशी बहुरूप्यासारख्या, फुगलेल्या,
डोळे मोठे करून भलत्याच रोगाचं सोंग आणलेल्या.
आत व्हायरस.
"लहानपणीच शिरतो हा. थोडी सर्दी, थोडा ताप.
मग तिथंच निजून राहतो जन्मभर.
तुमच्याकडं बहुधा बहिणीच्या किडनीतूनच आला."

मला हसू आलं.
माहेरी येताना ती कधी
रिकाम्या हातानं आली आहे?
एका वाकळीत झोपायचो आम्ही,
एकाच्या शिंकेनं दुसरा उठायचा.
तेव्हाचंच काहीतरी गाठोड्यात बांधून आणलं तिनं.

"याच्यावर औषध?"
"खात्रीचं नाही. तुमच्या जागल्यांना थोडं उठवू.
थोडंच.
पुरते उठले तर पाहुणीच्याच अंगावर जातील."
एक गोळी बंद. दुसरी अर्धी.

त्या रात्री मी पडून आतलं ऐकत होतो.
कोणीतरी कांबळ सारली असेल.
कोणीतरी अर्धवट झोपेत विचारलं असेल, काऊन बे, काय झालं?
एखादा म्हातारा असेल, चेहरे न विसरणारा:
हा तं तोच, आपण पोट्टे होतो तवाचा!
दारावर ताईची खूण, अर्धी अनोळखी.
पण जी अर्धी जुळते
तेवढ्याच खिडकीतून त्याला आतला चोर दिसतो.
आणि चोर मारायचा तर घर पाडावं लागतं,
ते घर ताईचं.
किती खोल्या पाडायच्या,
कोणी सांगायचं त्याला? मी?
मला तर माझ्याच पोटातलं
कागदावर वाचावं लागतं.

कागदावर:
एका थेंबात एक लाख ऐंशी हजार.
महिन्यानं चाळीस हजार.
मग नऊ हजार, मग परत अकरा.
क्रिएटिनीन दोनच्या खाली येऊन
बैल अडावा तसं अडलेलं.
मॅडम म्हणाल्या, चांगलं आहे.
मग म्हणाल्या, पाहू.

आज ताईचा फोन.
"तुह्यातली मी बरी हाय ना?"
म्या म्हटलं, लघवी साफ झाली आज.
"मंग झालं," म्हणाली, आणि गव्हाच्या भावाचं बोलत बसली.
स्वतःच्या टाक्यांचं ती बोलत नाही.
थंडीत ठणकतात म्हणे, भाचा सांगत होता.

आठ वाजले. अर्धी गोळी.
खिडकीतून शेताकडचा डबा ऐकू येतो,
यंदा माझा गजू बसला आहे मचाणावर, सतराचा.
टण, टण.
मग बराच वेळ काही नाही.
झोपला का पोट्टा,
की काही शिरलंच नाही आज?
मी उठून बसतो.
कुशीवर हात ठेवतो.
गरम आहे, पण ती नेहमीच असते.